आवाज न करणारी गाडी
अधिक महिन्यात पुरणाच्या धोंड्यांचा वास सुटला, की मला माझ्या धाकट्या जावयाचा राग येतो. मागच्या अधिकात तो धोंड्याच्या जेवणाला कुरकुंभहून आमच्या गावी, राहूला आला, तोही नव्या इलेक्ट्रिक स्कूटरवर. अंगणात चुलीवर मोठ्या पातेल्यात धोंडे उकडत होते. लेक मागून उतरली. लहानगी नात पुढं पायाशी उभी होती, हँडल धरून. हा मात्र सासूनं ओवाळल्याशिवाय उतरायचं नाही, अशा थाटात मोबाईल बघत बसला. मी ताट घेऊन जवळ गेले आणि म्हटलं, "पाव्हणं, आधी गाडी बंद करा." तो हसला. "मामी, बंदच हाय की. आवाज येतोय का?" तेवढ्यात पोरीनं मूठ पिळली आणि गाडी गपगुमान चुलीकडं झेपावली. मी ताट टाकलं, फ्रॉकला धरून पोरीला बाजूला ओढलं. गाडी चुलीवर आदळली, हा बाजूला पडला. पोर गाडीवर जिथं उभी होती, नेमकं तिथंच पातेल्यातलं उकळतं पाणी सांडलं. तो कपडे झाडत उठला आणि म्हणाला, "ल्हान हाय, तिला काय कळतंय!" मी त्याच्या कानाखाली वाजवली. "तिला न्हाई कळत. तुला कळतंय ना?" जावयावर हात उचलला म्हणून विहीणबाई अजून मला बघून तोंड फिरवतात. तोही माझ्याशी बोलत नाही. नाही बोलला तरी चालेल. आता दारात आला, की आधी किल्ली काढतो, मग पोरीला खाली उतरवतो.