जयूचा चेहरा, सोमवारच्या आधी

टावर चौकामागच्या गल्लीत शैलेंद्रनं तीस वर्षं लोकांचे पासपोर्ट फोटो काढले. हनुवटी खाली, डोळे उघडे, फ्लॅश, झालं. अर्ध्या फ्रीगंज वस्तीचे चेहरे त्याच्याकडे होते, बायकोचा मात्र एकही धड फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. आणि सोमवारी इंदूरला जयूच्या जबड्याचं ऑपरेशन होतं. डावी बाजू कुठून कुठपर्यंत काढायची, ते डॉक्टरांनी कागदावर रेघ ओढूनच दाखवलं होतं.

आज शनिवार. मराठी मंडळाच्या नाटकात शेवटी जयूचं दहा मिनिटांचं स्वगत होतं.

“अहो, फ्लॅश नका मारू,” रंग लावताना ती म्हणाली होती. “डोळ्यांवर आला की वाक्यं विसरते मी. आणि चेहरा पाहिजे मला. बाकी काही नको.”

काळ्या पडद्यासमोर ती एकटी उभी राहिली, अंगावर एकच झगझगीत दिवा. शैलेंद्रनं कॅमेरा ऑटोवर ठेवून पाच-सहा फोटो घेतले आणि स्क्रीनवर पाहिलं. नाक नाही, डोळे नाहीत, नुसती चुना फासलेली भिंत.

“मंदार, दिवा कमी कर ना जरा,” तो दिवे सांभाळणाऱ्या मंदारच्या कानाशी कुजबुजला.

“पागल झालात का, दादा? वहिनींना पायरी दिसायची नाही.”

“अरे, सगळे फोटो पांढरे जळताहेत.”

“तुमचा कॅमेरा काळा पडदा बघून अंधार समजतोय. वहिनी तर भर उन्हात उभ्या असल्यासारख्या आहेत.”

चार मिनिटं गेली होती. शैलेंद्रनं ऑटो काढलं. शटर साठवर होतं, उजेड कमी शिरावा म्हणून ते सव्वाशे केलं. कपाळ अजून पांढरंच. अडीचशे केलं, तर पडदा, साडी सगळं काळोखात बुडालं. बिघडवलंच आपण, असं वाटून त्यानं फोटो मोठा केला.

चेहरा होता. पापण्या, ओठाजवळचा तीळ आणि पावडरीखालून वर आलेली डावी सूज.

त्यानं घाईनं शटर परत सव्वाशेवर नेलं. सूज गेली. तीळही गेला. स्वगत संपत आलेलं. तो पुन्हा अडीचशेवर आला आणि पडदा पडेपर्यंत काढत राहिला.

जयू तशीच रंगासकट खाली आली, फोटो बघायला वाकली.

“सूज दिसतेय हो.”

“घालवली तर तीळ पण जातो.”

“मग असू दे.” ती बोटानं फोटो सरकवत राहिली. “डाव्या बाजूचे किती आहेत?”

“तीन. तू सारखा उजवा गालच पुढे करत होतीस.”

“लपवत होते ना.” ती परत स्टेजवर चढली. “मंदार, दिवा राहू दे रे पाच मिनिटं.”

“वहिनी, चौकीदार हॉल बंद करतोय.”

“त्याला म्हणावं, थांब.”

तिनं डावा गाल उजेडात धरला. शैलेंद्रला स्क्रीन दिसेनाशी झाली. दिवा तोच होता, आकडे जमलेले होते. न बघताच तो बटण दाबत राहिला.