जीपच्या हॉर्नला जोडलेला रिले

माझे धाकटे दीर नाशिक ते त्र्यंबक प्रवासी जीप चालवायचे. सीटांशी, म्हणजे प्रवाशांशी, बोलण्यात एवढे रंगायचे, की इंजिन तापल्याचा काटा समोर असून त्यांना दिसायचा नाही. एकदा त्यातच इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, तापून वाकलं. पुन्हा गेलं तर जीप विकायची, असं घरात ठरलेलं. त्यांचं सगळं त्या जीपवर, म्हणून माझा जीव टांगणीला.

रेडिओ उघडून, जोडून मी घरीच थोडंफार शिकलेली. म्हटलं, काटा दिसत नाही ना, मग हॉर्नच वाजू दे. इंजिनातल्या सेन्सरची वायर घेतली आणि रिलेला जोडली. रिले म्हणजे काय, थोड्या करंटनं ओढला जाणारा मोठ्या करंटचा खटका. पण तो हलेल तर शपथ. उलट इंजिन गार असताना काटा लालमध्ये जाऊन बसला.

"वहिनी, रेडिओ संपले म्हणून माझी जीप धरली का?"

"भाऊजी, तुम्ही नुसतं बॉनेट धरा."

रिले बदलला, वायरी बदलल्या, बोटं भाजून घेतली. डोकं नुसतं भणभणायचं. शेवटी कळलं ते इतकं साधं, की माझाच मला राग आला. सेन्सरचा करंट काटा हलवण्यापुरता. रिलेची पट्टी ओढायची त्यात ताकदच नाही. मग मध्ये जुन्या रेडिओतला ट्रान्झिस्टर घातला. सेन्सरनं त्याला फक्त खुणावायचं, रिले ओढायचा बॅटरीनं. इंजिन तापवून पाहिलं, तर हॉर्न असा बोंबलला की गल्ली बाहेर आली. भाऊजींना परत परत सांगितलं, आपोआप वाजला की गाडी थांबवा.

श्रावणातल्या सोमवारी जीप खच्चून भरून गेली आणि ट्रकच्या मागे दोरीला बांधून परत आली. हेड गेलेलं.

"हॉर्न वाजला नाही का, भाऊजी?"

"वाजला की. थांबेचना. पावसात अडकतो तसा अडकला वाटलं. वायर उपटली अन् निघालो."

"मी काय सांगून ठेवलं होतं?"

"अहो, एवढ्या बोंबेत ते आठवणार कसं?"

जीप विकली. न्यायला आलेल्या माणसाला दीर दारात समजावत होते, "हॉर्नचं तेवढं बघून घ्या, मध्येच वाजत सुटतो." मी चहा ठेवायला आत निघून गेले.