जेवताना काढलेले बूट

परदेशात, क्लेमेंटीच्या बांधकाम साइटवर मी इंजिनिअर होते. आमचा नांदेडचा फिटर पायांत बूट ठेवून कधीच जेवत नसे. त्या दुपारीही सेफ्टी बूट काढून त्याने डबा उघडला, तेवढ्यात शेजारच्या ढिगातून सळयांचा भारा घसरला आणि त्याच्या पायाची बोटं चिरडली.

"बूट का काढले? चूक त्याचीच," मॅनेजर म्हणाला.

"आणि सळयांच्या ढिगाला लागून जेवायला कोणी बसवलं? स्वतः एसीत जेवता ना?" मी विचारलं.

हॉस्पिटलमध्ये फिटरनेच मला अडवलं. "ताई, भांडू नका. चूक माझीच म्हणा, पण मला इथेच कामावर राहू द्या."

"दादा, चूक तुमची नाही. चौकशीत मी खरं तेच सांगणार."

"सांगा. पण परमिट रद्द करून परतीच्या विमानात मला बसवतील, तुम्हाला नाही."