केसभर मोठं झाकण

गल्लीत त्याला सगळे ‘तंतोतंत’ म्हणायचे. पत्र्याच्या शेडमध्ये, हाताने ओढायच्या प्रेसवर तो डब्यांची झाकणं बनवायचा. माझं झाकण म्हणजे अगदी मापात, ही त्याची फुशारकी. दुसऱ्याच्या मालात खुसपट काढल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. अशा माणसाशी संसार करणाऱ्या बायकोचे हाल विचारूच नका.

मग त्याने नवं यंत्र घेतलं. झाकण स्वतःच बनवणारं आणि स्वतःच मोजणारं. हौसेने त्याने आधी आपलं जुनं झाकण त्यावर ठेवलं, तर यंत्र म्हणालं, केसभर मोठं. त्याने दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. यंत्र आपला हेका सोडेना. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पण चूक कळली ना, मग सुधारायची, असं म्हणत त्याने जुनी प्रेस भंगारात घातली आणि या वेळी खरोखरच मापातला माल काढून डबेवाल्याकडे पाठवला. डबेवाला म्हणजे त्याचं एकुलतं एक गिऱ्हाईक. ते तुटलं की शेडला कुलूप.

माल आल्या पावली परत आला. एकही झाकण बसत नव्हतं.

तो तावातावाने डबेवाल्याकडे गेला. डबेवाल्याने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि चाचरत सांगितलं, “तुमचं झाकण पहिल्यापासून मोठंच यायचं. शेवटी आम्हीच डब्याचं तोंड वाढवून घेतलं.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“तुम्ही इतक्या कौतुकाने माप सांगायचात, जीभच रेटली नाही हो. पण आता मला पूर्वीचंच झाकण पाहिजे. नाहीतर दुसरा कुणीतरी बघावा लागेल.”

घरी येताना त्याला शरमेने रडू यायचंच बाकी होतं. ज्या मापाचा आयुष्यभर तोरा मिरवला, त्यातली चूक लोक गुपचूप सांभाळून घेत होते. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “अहो, आपल्या घरातल्या कुठल्या डब्याला तुमचं झाकण बसतं?”

त्याने मुकाट्याने जुन्या मापाचा साचा करून यंत्रावर चढवला. मग यंत्रातलं मोजायचं मापही बदलून टाका, असं तिने सुचवलं. तेवढं मात्र त्याने ऐकलं नाही. बरोबर ते बरोबर. त्यामुळे आता यंत्र झाकण बनवतं, मोजतं आणि ‘बाद’ लिहिलेल्या टोपलीत टाकतं. टोपली भरली की बायको ती उचलते आणि डबेवाल्याच्या गाडीत रिकामी करते.