खाचेवरची चिकटपट्टी
परवा बोट कापलं म्हणून चिकटपट्टी लावली आणि तिच्या औषधी वासानं माझं डोकंच सणकलं. लग्नानंतर बाबांनी नरखेडच्या संत्र्याच्या बागेत बसून माझ्यासाठी एक कॅसेट भरली होती. ते गेले आणि त्यांचा आवाज तेवढ्यातच उरला. तिच्यावर कुणी दुसरं काही भरू नये म्हणून मी मागचे प्लास्टिकचे तुकडे चाकूनं मोडून ठेवले होते. पुढच्याच एप्रिलात नागपूरला सासरी नणंदेची हळद होती. कूलरच्या ओल्या गवताचा वास, घामेजलेल्या बायका, गाण्यांचा कल्लोळ. मी पाणी घेऊन आले, तर टेपरेकॉर्डरमध्ये माझीच कॅसेट फिरत होती आणि मोडलेल्या खाचेवर नणंदेनं जखमेची चिकटपट्टी लावून तिच्यावर गाणी भरायला घेतली होती. मी कॅसेट उपसून काढायला गेले आणि फीत अडकून तुटली. दुसऱ्या दिवशी सेलोटेपनं जोडून लावली. बाबा म्हणाले, "बाई, उन्हाची बाहेर निघत नको जाऊ," आणि लगेच सासूबाईंचा आवाज आला, "भरू दे वं, बुढ्याची बडबडच तर होती!" पुढं नुसती हळदीची गाणी. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. परवाच दुपारी नणंदेचा रडत फोन आला, "वहिनी, आईचा आवाज कुठंच नाही. ती हळदीची कॅसेट मले दे नं." कॅसेट समोरच्या कपाटातच होती. मी म्हटलं, "बुढीची बडबडच तर होती वं. पुसून टाकली."