डबीवर नुसतं पान

शुलामिथ इस्रायलमधल्या अश्केलोनच्या एका औषधांच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरवर होती. रेवदंड्याहून आली तेव्हा तिला हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं. आता तिच्या प्रश्नांना उत्तरं दिल्याशिवाय कुणाला सर्दीची गोळीही मिळत नसे. "प्रेशर आहे? आणखी काय घेता?" गिऱ्हाइकं वैतागायची, ती हटायची नाही.

१९९९च्या हिवाळ्यात तिचा धाकटा भाऊ हिलेल नाक चोंदलं म्हणून आला. कारखान्यात तो दुहेरी पाळ्या करायचा. तिनं त्यालाही तेच विचारलं.

"काही घेत नाही गो," म्हणाला आणि गोळ्या घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो यंत्रापाशीच कोसळला. काळीज धडधडत होतं, प्रेशर भलतंच चढलेलं. शुलामिथ इस्पितळात पोचली, तर त्याची बायको रूती सगळ्यांदेखत ओरडली, "हिनंच दिल्या गोळ्या! म्हणे बहीण!"

डॉक्टरनं विचारलं, "आणखी काय घेत होता?"

रूतीनं पर्स पोटाशी धरली. हिलेलच पुटपुटला, "ताकदीच्या कॅप्सूल. रोज चार."

त्या रूतीच विकायची, कारखान्यातल्या बायकांना, वजन उतरवायला आणि झोप उडवायला.

"ते औषध नाही, तिव्ही आहे, नैसर्गिक!" रूती म्हणाली. "निव्वळ झाडपाला!"

"डबी दे," शुलामिथनं हात पुढे केला.

रूतीनं पर्समधून काढून आपटली. वर मोठं हिरवं पान. तळाशी बारीक अक्षरांत एका चिनी झुडपाचं नाव.

"ह्यात एफेड्रिन असतं," शुलामिथ म्हणाली. "माझ्या गोळीत त्याचाच भाऊबंद आहे, दोन्ही मिळून प्रेशर चढलं. माझी गोळीही साधी नाही, म्हणून तिच्याबरोबर हातभर कागद येतो, कुणी घेऊ नये, किती घ्यावी. तुझ्या डबीत कागद कुठाय?"

"जळतेस तू माझ्यावर."

"जळते! भाऊ मरता मरता वाचला माझा."

पुढच्या आठवड्यात शुलामिथ दोन्ही डब्या घेऊन कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली आणि बायकांना मोठ्यानं वाचून दाखवू लागली. काहींनी कॅप्सूल तिथंच टाकल्या. एक हसून म्हणाली, "दुकानवाली आपल्याच दुकानाचं गाणार!"

त्या संध्याकाळी हिलेलचा फोन आला.

"चारचौघांत रूतीची अब्रू घेतलीस, ताई. आता आमच्या घरी येऊ नकोस."

"तिनं तुझा जीव घेतला असता."

"मला तिच्याबरोबर राहायचंय."

"राहा. प्रेशरची गोळी चुकवू नकोस," एवढं म्हणून तिनं फोन आपटला.

रूती अजून विकते, आता पार किर्यात मलाखी गावापर्यंत. सिनेगॉगमध्ये दोघी समोरासमोर आल्या, की शुलामिथ नजर हलवत नाही. रूतीच तोंड फिरवते.