अळणी दगड

स्वयंपाकघरात नव्या ओट्यासाठी मिस्त्री ग्रॅनाइट कापत असताना तो जळका वास सुटला आणि मला सत्तरच्या दशकातली, कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या वर्गाची देवलापारची सहल आठवली. "पोरीनं दगड फोडाले काहून जाचं?" म्हणत बाबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं होतं, आणि मीही न जेवता नागपूरहून निघाले होते. टेकडीवरच्या ग्रॅनाइटवर मी हातोडी मारली तेव्हा असाच वास आला. सरांनी एक कपची जिभेने ओली केली. ओल्या दगडात कण नीट दिसतात. गुलाबी कण झळकले. सर म्हणाले, "दोन खंडं आदळून डोंगर उभे राहिले, हा तेव्हाचा नाही. टक्कर सरल्यावर, आत साठलेल्या उष्णतेनं खडक वितळले, ते सावकाश निवले, तेव्हा हा झाला." घरी आल्यावर मी एक तुकडा बाबांसमोर धरला, जिभेने ओला केला आणि हे सगळं सांगून टाकलं. बाबांनी तो हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिला. मग त्यांनीही त्याला जीभ लावली. "अळणी हाय वं," ते म्हणाले, "आता पुढच्या खेपेले कुठी जाऊन राहिली?" आज मिस्त्रीची पाठ वळताच मी ओट्याचा उरलेला तुकडा उचलून जिभेला लावला. अळणीच.